मागची डावी बाजू

१

हे सांगायचं नाही, असं आमच्या घरात ठरलं आहे. बाबांनी ते जेवताना, ताटाकडे बघत सांगितलं. "कुणी विचारलं तर म्हणायचं, आत्या घरीच गेली. आपल्या खोलीत, आपल्या माणसांत. त्यापुढे एक अक्षर नाही." आईने मान हलवली. मीही हलवली. मी तशीही फारशी बोलत नाही, त्यामुळे माझी कुणाला भीती वाटत नाही.

पण लिहायचं नाही, असं कुणी म्हणालं नव्हतं. तरी अंगाशी यायला नको म्हणून मी ही गोष्ट दुसऱ्याच कुठल्या घरातली असल्यासारखी सांगते. त्या घरात एक बाबा आहेत, एक आई आहे आणि एक मुलगी आहे. मुलीचा दादा शिकायला दूर गेलाय, म्हणून घरात ती एकटीच असली तरी आईबाबा तिला धाकटीच म्हणतात.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात असतात. तिथे एका भिंतीवर नुसते दिवे आहेत, आणि त्यातला कुठला ना कुठला सतत केकाटत असतो. कधी टाकीची पातळी, कधी तापलेली मोटर, कधी अडकलेली झडप. नव्या माणसाला बाबा पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. आधी बटण दाबून आवाज बंद करायचा, मग बघायचं. आवाज चालू असला की डोकं चालत नाही. हे खरंही आहे. फक्त बाबा घरीसुद्धा तेच करतात, आणि घरी ते 'मग बघायचं' राहून जातं. धुराची सूचना देणारं यंत्र आईच्या फोडणीला ओरडायचं, तर त्याची बॅटरी कपाटाच्या खणात जाऊन पडली. फ्रिजचं दार उघडं राहिलं की टिंटिं वाजायचं, तिथे चिकटपट्टी बसली. आई चिडली की बाबा चपला घालून एक चक्कर मारून येतात.

त्या दुपारी पाळी संपवून बाबा धाकटीला शाळेतून घरी आणत होते. रंगाच्या गोदामापुढचं वळण गेलं, हिरवं फाटक गेलं, आणि गाडीच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. बुडाशी चपट्या झालेल्या वाटीसारखं चित्र, आणि आत उद्गारचिन्ह.

"टायर," बाबा म्हणाले. "हवा कमी झाली असेल. रडू दे."

२

धाकटी मागे उजवीकडे बसते. पुढची जागा रिकामी असली तरी मागेच. कारण मागची डावी जागा आत्याची, आणि आत्याच्या शेजारची तिची, हे ती इवलीशी होती तेव्हापासून ठरलेलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. शाळांचे गणवेश शिवण्यात जन्म घालवला आणि त्यातच बाबांना लहानाचं मोठं केलं. मशीनवर बसून बसून अंगाने चांगली जड झाली होती. ती गाडीत बसली की बाबा दर वेळी म्हणायचे, "ताई, तू बसलीस की गाडीला कळतं!"

"कळू दे की," आत्या म्हणायची. "तुला नाही कळत, गाडीला तरी कळू दे."

मागच्या डाव्या दाराची एक गंमत होती. दादा लहान असताना त्याने चालत्या गाडीचं दार उघडू नये म्हणून बाबांनी त्याला चाइल्ड लॉक लावलं, आणि ते तसंच अडकून बसलं. तेव्हापासून ते दार आतून उघडतच नाही. घर आलं की आत्या मांडीवर पर्स धरून बसून राहायची. "मी काय पार्सल आहे? उतरवून घ्या मला!" मग धाकटीने वळसा घालून जायचं, दार उघडायचं आणि उघडंच धरून ठेवायचं. आधी एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय, मग एक सुस्कारा. घाई केलेली आत्याला चालायची नाही.

वळणावर ती दाराच्या वरची मूठ धरायची आणि म्हणायची, "सावकाश रे." धाकटीला ती मुंगी म्हणायची. आवाज न करता भिंतीकडेने चालते म्हणून. "मुंगे, माझा चष्मा बघ गं." असं म्हणणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

मग आत्या गॅस चालू ठेवून विसरायला लागली. न्हाणीघरात दोनदा पडली. उचलताना आईची पाठ अशी लचकली, की चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं तिचं काम तिला कमरेला पट्टा बांधून करावं लागलं. घरात दाराआड कुजबुज सुरू झाली. एके सकाळी बाबा म्हणाले, "ताई, चल. डोळे दाखवून येऊ."

आत्याने फक्त पर्स आणि चष्म्याचं घर घेतलं. गाडी हिरव्या फाटकाशी थांबली. त्या दिवशी दार बाबांनी उघडलं. आत्याने पाटी वाचली, अंगणात खुर्च्यांवर बसलेली म्हातारी माणसं पाहिली आणि म्हणाली, "डोळ्यांचा दवाखाना इथे कधी आला रे?"

"शनिवारी न्यायला येतो, ताई," बाबा म्हणाले.

पहिल्या शनिवारी जादा पाळी होती. दुसऱ्या शनिवारी पाऊस. पुढे घरात कुणी शनिवार हा शब्दच काढेना.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीला शाळेत सोडायला निघालेल्या बाबांनी, हिरवं फाटक गेल्यावर लागणाऱ्या पेट्रोल पंपावर चारही चाकांत हवा भरून घेतली. स्टिअरिंगच्या खाली एक बटण आहे, ते दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. दिवा गेला. "बघ," बाबा म्हणाले. "संपला विषय."

त्याच दुपारी, रंगाचं गोदाम, वळण, हिरवं फाटक, फाटकासमोरचा गतिरोधक, आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा पिवळा दिवा.

तिसऱ्या दिवशीही तसंच.

धाकटी विज्ञानात बरी आहे. तिने मनात मांडणी केली. गतिरोधकावर गाडीला धक्का बसतो, एखादी वायर सैल असेल, ती हलते, दिवा लागतो. सरळ आहे. असे गतिरोधक वाटेत आणखीही होते, शाळेपाशी, बाजारापाशी, आणि तिथे काहीच होत नव्हतं, हेही तिला दिसत होतं. पण ते तिने मांडणीत घेतलं नाही. नको असलेलं उत्तर आलं की मुलं पाटी पुसतात, तसं.

एका दुपारी तो रस्ता खोदलेला होता आणि बाबांनी कालव्याकडून गाडी घेतली. दिवा लागला नाही. बाबा शीळ घालत होते.

४

टायरवाला बडबड्या होता. गाडी उचलून त्याने मागचं डावं चाक काढलं, पाण्याच्या टाकीत बुडवून गोल फिरवलं आणि तोंडाने क्रिकेटचं धावतं वर्णन करावं तसा बोलत राहिला.

"इथे नाही... इथेही नाही... बुडबुडा म्हणून नाही साहेब. तुमच्या टायरला काही झालेलं नाही. तरी नवा टाकून देऊ का?"

"काही झालेलं नाही तर नवा कशाला?"

"मनाच्या समाधानाला! लोक काय काय घेतात." तो स्वतःच हसला. मग चाक बसवताना म्हणाला, "तुमच्या या गाडीत चाकात हवा मोजायचं यंत्र नाही बरं का. ही गाडी चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झाली की चाक दबतं, दबलं की लहान होतं, लहान झालं की जास्त फिरतं. गाडीला वाटतं, हवा गेली. सारखी मोजतच असते ती. फरक मिटला की दिवाही जातो."

"पण हवा गेलेली नाही."

"मग वजन असेल. मागे डाव्या अंगाला काय घालता तुम्ही? सिमेंट?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

"काहीतरी असणार. गाडी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात." टायरवाल्याने धाकटीला डोळा मारला. तिने मान खाली घातली. "आणि ते बटण दाबाल ना, तेव्हा गाडी मोकळी असू द्या. बटण दाबून पुढे जशी चालवाल, तेच ती बरोबर म्हणून धरून बसते. मग त्यात कमी झालं काय, जास्त झालं काय, दिवा लागणार."

परतताना बाबा म्हणाले, "टायर खपवायचा होता त्याला."

धाकटीच्या शेजारची जागा रिकामी होती. सीटवर कापड नीट ताणलेलं होतं, आणि तरी ती आपल्या बाजूच्या दाराला चिकटून बसली होती. आपण असं का बसलोय, हे तिला घर आल्यावर लक्षात आलं.

५

मग तिने सकाळीही लक्ष ठेवायला सुरुवात केली. शाळेत सोडताना बाबा त्याच रस्त्याने जातात.

सकाळी घरातून निघाल्यावर दिवा लागायचा. हिरवं फाटक मागे गेलं की थोड्या वेळात विझायचा. दुपारी फाटक गेलं की लागायचा. घर येईपर्यंत लागलेला असायचा.

म्हणजे जे काही दुपारी बसत होतं ते सकाळी उतरत होतं. मधली सगळी रात्र खाली वाहनतळात, बंद गाडीत.

त्या दारातून बाहेर कसं येणार? ते आतून उघडतच नाही.

हा विचार तिला वर्गात, पृथ्वीच्या थरांची आकृती काढताना आला. तिने पेन्सिल खाली ठेवली. बाईंनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही.

त्या दुपारी दिवा लागल्यावर तिने हळूच डावीकडे पाहिलं. सीट रिकामी होती. मग तिची नजर वर गेली. दाराच्या वरची मूठ. या मुठींना आत स्प्रिंग असते. सोडली की ती फट्कन वर जाऊन छताला टेकते. धाकटीच्या बाजूची टेकलेली होती. पुढची टेकलेली होती.

डावीकडची मूठ खाली ओढलेली होती. वळण आलं तशी ती आणखी थोडी खाली आली, आणि किंचित थरथरत राहिली.

"बाबा," धाकटी म्हणाली, "सावकाश."

बाबांनी आरशातून तिच्याकडे रोखून पाहिलं.

६

रविवारी हिरव्या फाटकातल्या वृद्धनिवासातून तिथल्या बाईंचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण हाताला साबण होता.

"तुमच्या ताई दुपारच्या ज्या झोपतात त्या उठतच नाहीत हो. हलवलं, हाका मारल्या, तरी नाही. सकाळी आपलं आपण जाग्या होतात. आणि जाग आली की एकच. 'दार का उघडलं नाही? मी वाट बघत बसले होते.' कुठलं दार, ते काही सांगत नाहीत."

"भ्रम होतो तिला," बाबा म्हणाले. "वय झालं."

"एकदा येऊन जा ना. किती दिवस झाले."

"बघतो. पाळीचं बघून कळवतो." बाबांनी ओल्या बोटाने फोन बंद केला.

धाकटीने सगळा धीर गोळा केला. "आपण आत्याला घरी आणू या ना."

आई इस्त्री करत होती. इस्त्री तशीच उभी करून ती म्हणाली, "कोण करणार तिचं? तू शाळेत, हे पंपावर. राहिलं कोण? सांग ना, राहिलं कोण? न्हाणीघरात तिला उचलताना माझी पाठ गेली तेव्हा विचारलं होतं कुणी?"

"मी करीन."

"तू! दुकानात जाऊन पेन मागायचं म्हटलं तर तुझ्या तोंडातून शब्द फुटत नाही."

"तिला कशाला बोलतेस?" बाबा म्हणाले.

"मग कुणाला बोलू? तुम्हाला? तुमची बहीण ना? डोळे दाखवायला म्हणून नेलंत तिला. माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते. जग मात्र म्हणणार, भावजयीने काढली."

बाबांनी चपला घातल्या. दार वाजलं. आई पुन्हा इस्त्री फिरवू लागली, त्याच एका बाहीवरून, पुन्हा पुन्हा. मग पाठ वळवून म्हणाली, "मला काय आनंद होतो का गं?" त्याचं उत्तर तिला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक गेलं, दिवा लागला, आणि बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच. हात स्टिअरिंगखाली गेला.

"बाबा, नको. टायरवाले काका म्हणाले होते, गाडी रिकामी असताना."

"रिकामीच आहे!"

ते इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडून जाणारा सायकलवाला वळून बघू लागला. बाबा आरशात बघत होते. धाकटीकडे नाही. तिच्या शेजारी. आणि त्यांचा अंगठा बटणावरून हलत नव्हता.

दिवा लुकलुकला. विझला.

"झालं," बाबा म्हणाले. "आता नाही रडणार."

घरापर्यंत ते सावकाश चालवत आले. प्रत्येक वळण हळूच घेतलं, आत्याला हवं असायचं तसं. गाडी शिकत होती.

७

त्यानंतर दिवा लागलाच नाही. दुपारी नाही, सकाळीही नाही.

बाबा खूश होते. निदान तसं दाखवत होते. "बघितलंस? उगाच नवा टायर घेतला असता." धाकटीला आता त्या काळ्या, न पेटलेल्या जागेकडे बघवत नव्हतं. दिवा नाही म्हणजे सगळं बटण दाबलं तेव्हासारखंच आहे. कमी नाही, जास्त नाही. सकाळी फाटक गेलं तरी दिवा नाही. म्हणजे आता तिथे कुणी उतरतही नव्हतं.

मूठ ती मुद्दाम बघत नव्हती. एकदा पाहिली. खालीच होती.

निवासातल्या बाईंचा पुन्हा फोन आला. आता सकाळीही डोळे उघडत नाहीत म्हणाल्या. श्वास चालू आहे. डॉक्टर म्हणतात, काही सांगता येत नाही. बाबा म्हणाले, "झोपू द्या. शनिवारी येतो." कितीतरी दिवसांनी तो शब्द घरात आला आणि आईने चमकून वर पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी बाबा पाळी करून आडवे झाले होते. आई दुकानात होती. ऊन अजून जिन्यावर होतं. धाकटीने खुंटीवरची किल्ली घेतली आणि खाली गेली. वायर, धक्का, फेरे, सगळी मांडणी तिने उतरता उतरता पुन्हा एकदा करून पाहिली. खाली पोचेपर्यंत त्यातलं काही उरलं नाही. उरलं एवढंच, की कुणीतरी पर्स मांडीवर घेऊन किती दिवस बसून आहे, आणि दार उघडायचं काम तिचं आहे.

तिने वळसा घातला आणि मागचं डावं दार उघडलं.

आतून मलमाचा वास आला, गुडघ्यांना लावायच्या. धाकटीने जमिनीकडे बघत दार धरून ठेवलं. आधी एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. तिने मनातल्या मनात तेवढा वेळ जाऊ दिला. घाई केली नाही.

गाडी मागच्या बाजूने हळूच वर आली. कुणी जड माणूस उतरल्यावर येते तशी.

"चल, आत्या," ती म्हणाली. मोठ्याने म्हणायचं होतं, पण ओठच हलले.

आत्याला लिफ्टची धास्ती वाटायची, म्हणून ती जिन्याने निघाली. प्रत्येक वळणावर थांबली, दम खायला लागतो तेवढी. मागे बघितलं नाही. काठीच्या टोकाचं रबर झिजलेलं होतं, त्यामुळे दगडी पायरीवर टक् असा आवाज यायचा, हे तिला माहीत होतं. माहीत असलेला आवाज नसतानाही ऐकू येतो, असंही तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने वाचलेल्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

घराचं दार उघडून ती बाजूला उभी राहिली.

"कोण आलं?" आतून बाबांचा झोपाळू आवाज.

"कुणी नाही. मीच."

"मग दार लाव ना. किती वेळ उघडं ठेवतेस?"

तिने आणखी थोडं थांबून मग लावलं. मागच्या, आत्याच्या खोलीचं दार चौकटीत घासतं, ते कधी पुरतं बसत नाही. त्या संध्याकाळी ते बसलेलं होतं.

८

सकाळी गाडी रस्त्याला लागली आणि पहिल्याच चौकाच्या अलीकडे दिवा लागला.

"अरे!" बाबांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "आता काय झालं याला?"

तेवढ्यात फोन वाजला. गाडी चालू असली की बाबांचा फोन गाडीतच बोलतो, सगळ्यांना ऐकू येईल असा. निवासातल्या बाई होत्या. रात्रभर लावत होते म्हणाल्या, फोन बंद होता. बाबा झोपताना फोनच बंद करून ठेवतात. सकाळी निघताना चालू करतात.

ताई काल संध्याकाळी गेल्या. त्रास काही झाला नाही.

"इतके दिवस हूं की चूं नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "आणि जायच्या जरा आधी डोळे उघडले. चक्क हसल्या. म्हणाल्या, 'उघडलं बाई दार.' स्पष्ट. मी सिस्टरला म्हटलंसुद्धा, बघ गं..."

बाबांनी गाडी कडेला घेतली. फोन कधी संपला ते कळलं नाही. मागची मूठ छताला टेकलेली होती. बाबांनी आरशात पाहिलं, मग वळून पाहिलं, मग हात लांब करून ती मूठ खाली ओढली आणि सोडली. फट्कन वर गेली. पुन्हा ओढली, पुन्हा सोडली.

"काल संध्याकाळी," ते म्हणाले, "तू दार कुणासाठी उघडं धरलं होतंस?"

धाकटीने मुठीकडे पाहिलं.

बाबांचा हात सवयीने स्टिअरिंगच्या खाली गेला. बटणावर बोट ठेवून ते बसून राहिले. गाडी आता मोकळी होती. टायरवाल्याने सांगितली होती तशी. दाबलं असतं तर दिवा कायमचा गेला असता, आणि रिकामी जागा हेच बरोबर, असं गाडीने धरून घेतलं असतं.

त्यांनी हात काढून घेतला.

९

नातेवाईक आले, बसले, गेले. सगळ्यांना तेच सांगितलं गेलं. घरीच गेली, आपल्या खोलीत. आई हे सांगताना पदराचं टोक पिळत होती. लोकांनी बाबांचा हात हातात घेतला. भाऊ असावा तर असा, म्हणाले. बाबा त्यांच्या पायांकडे बघत होते. धाकटी दारामागे उभी राहून ऐकत होती, आणि तिच्या मनात आलं, की घरात एवढं खोटं बोललं गेलं, पण हे त्यात मोडतं की नाही ते तिला सांगता येणार नाही.

गाडीतला दिवा अजून तसाच आहे. बाबा त्याच्यासकट कामाला जातात, त्याच्यासकट येतात. शेजारच्यांनी सांगितलं, हवा बघून घ्या हो, दिवा लागलाय. बाबा म्हणाले, असू दे.

मागच्या खोलीत ते जात नाहीत. परवा सकाळी त्यांनी हळू आवाजात आईला विचारलं, "मागचा पंखा तू लावून ठेवलास?"

"मी नाही," आई म्हणाली.

बाबांनी चहाचा कप ठेवला. उठून बटण बंद करतील असं वाटलं. ते उठले नाहीत. आईही उठली नाही. दोघं पंख्याचा आवाज ऐकत बसले, आणि चहा निवून गेला.

आज बाबांची दुपारची पाळी आहे, आई दुकानात आहे, आणि धाकटी बाहेरच्या टेबलावर हे लिहीत बसली आहे. पंखा चालू आहे. मगाशी थोडा वेळ थांबला होता. आता शेवटचं एवढंच लिहायचं राहिलं, की गेल्या शनिवारी बाबांनी जेव्हा गाडी धुवायला काढली तेव्हा त्यांनी ते डावं दार उघडून आत वाकून

थांबा, मला कुणीतरी हाक मारतंय. आई लवकर आली असेल. पण आई मला धाकटे म्हणते, आणि ही हाक मागच्या खोलीतून आली, आणि तिच्यात मला मुंगे